मैदानाची किल्ली आणि वेळापत्रक
वाचकांचे प्रश्न : शाळा आणि सार्वजनिक क्रीडांगणे

प्रश्न : आमची खासगी अनुदानित शाळा शहराच्या जुन्या वस्तीत आहे. पटावर 640 मुले-मुली आहेत आणि खेळायला जागा म्हणावी तर एक फरसबंद अंगण. शाळेपासून चार मिनिटांच्या वाटेवर नगरपालिकेचे मैदान आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी ते उघडते, नऊ वाजता त्याला कुलूप लागते आणि ते दुपारी चारलाच निघते. मधल्या वेळेत मुलांना खेळू द्यावे, अशी विनंती आम्ही केली. तेव्हा आम्हाला समारंभांसाठीचा दिवसाच्या भाड्याचा दर सांगण्यात आला. तो आम्हाला परवडणारा नाही. परिसरातील ज्येष्ठ नागरिकांचीही हरकत आहे. ‘एकदा शाळेला दिले की मैदान शाळेचेच होऊन बसते,’ असे ते म्हणतात. आम्ही काय करावे?
— एक मुख्याध्यापिका, ठाणे जिल्हा

उत्तर : बाई, नऊ ते चार ही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. ज्या वेळेत शाळा भरलेली असते नेमक्या त्याच वेळेत मैदान रिकामे पडून असते, तेव्हा अडचण जागेची नसून वेळापत्रकाची आहे, हे नगरपालिकेला कागदावर दाखवून द्यावे लागेल. तोंडी विनंतीला तोंडी उत्तर मिळते आणि ते कोणी दिले याची नोंद कुठेच राहत नाही. म्हणून शाळा व्यवस्थापनाच्या ठरावासह मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मागील वर्षभरात मैदान कोणत्या दिवशी, कोणाला व किती वेळ दिले, ही माहितीही माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली मागावी. त्यासाठी दहा रुपये शुल्क लागते आणि सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. दुपारचे रकाने कोरे असलेली नोंदवही सभागृहात मांडली, तर आपल्याला फार बोलावे लागणार नाही.

कायद्याचा आधार दोन्ही बाजूंनी आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण हा निकष म्हणून नमूद केलेले आहे. दुसरीकडे 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, नागरी संस्थांकडे सोपवायच्या विषयांमध्ये उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा उल्लेख आहे. जुन्या वस्तीतील शाळेला आज नवी जमीन मिळणे जवळपास अशक्य आहे, हे आपण जाणताच. त्यामुळे ही दोन कर्तव्ये एकाच मैदानावर एकत्र आणणे, हाच त्यातला व्यवहार्य मार्ग उरतो.

अर्जात संपूर्ण मैदान मागू नये. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते, महिलांचे 12 बाय 8 मीटर. अशी तीन मैदाने शेजारी शेजारी आखली, तर एका वेळी 42 खेळाडू प्रत्यक्ष खेळात राहतात, म्हणजे एका तुकडीचा तास जवळपास पूर्ण सामावतो आणि त्याला मैदानाचा एक कोपरा पुरतो. जाण्या-येण्यात आठ मिनिटे जातील, म्हणून एकेरी तासिकेऐवजी आठवड्यातून एकदा जोडतासिका ठेवावी.

आता ज्येष्ठ नागरिकांच्या हरकतीकडे येतो, कारण ती मला खरी वाटते. सार्वजनिक जागा देखभालीसाठी म्हणून एखाद्या संस्थेकडे जाते, मग कुंपण उंच होते, मग फाटकावर पाटी येते आणि काही वर्षांनी शेजारच्या मुलांना आत जायला ओळखपत्र लागते, हे लोकांनी पाहिलेले आहे. मुंबईत मोकळ्या जागा संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणावरून नागरिकांनी आवाज उठवला तो याच भीतीने. त्यामुळे आपल्या करारात भाडेपट्टा हा शब्द कुठेही येऊ देऊ नये. ठराविक वारांची व तासांची वापर-परवानगी, एका शैक्षणिक वर्षापुरती, दरवर्षी नव्याने आढावा घेऊन मिळणारी, अशी तिची भाषा असावी. शाळेच्या तासालाही कडेची चालण्याची वाट सर्वांना खुली राहील, हे कलम आपण होऊन घालावे. ज्येष्ठांच्या मंडळाला पहिल्या बैठकीलाच बोलवावे. जी मंडळी आज विरोध करतात, त्यांची नातवंडे कदाचित आपल्याच शाळेत असतील.

पैशापेक्षा अशा व्यवस्था बारीकसारीक गोष्टींवरून मोडतात, असा माझा अनुभव आहे. मी बावीस वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. एका वर्षी उत्सवाचा मांडव निघाल्यावर आम्ही मैदानावर गेलो, तर बांबूंचे खड्डे तसेच उघडे होते आणि गवतात खिळे विखुरले होते. खेळाचा तास रद्द करून मुलांना खांद्याला खांदा लावून ओळीत उभे केले आणि मैदान पावलापावलाने विंचरून काढले. गोडेतेलाचा रिकामा डबा निम्मा भरला. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच कलम सुचवत आलो आहे : मांडवाची अनामत रक्कम परत करण्यापूर्वी मैदान पूर्ववत झाल्याची सही मैदान वापरणाऱ्या शाळेच्या क्रीडाशिक्षकाकडून घ्यावी.

किल्लीचेही तसेच. चौकीदार रजेवर गेला की तास बुडतो. फाटकाच्या साखळीत दोन कुलपे एकमेकांत अडकवावीत, एकाची किल्ली नगरपालिकेकडे आणि दुसऱ्याची शाळेकडे; म्हणजे कोणतेही एक उघडले की फाटक उघडते आणि कोणाला कोणाची वाट पाहावी लागत नाही. फक्की, रोलर, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहाची सफाई यांचा खर्च कोण करणार, ते नावानिशी लिहून घ्यावे. स्वच्छतागृह बंद असेल तर सातवी-आठवीच्या मुली हळूहळू मैदानावर यायच्या थांबतात आणि त्याचे कारण त्या सांगत नाहीत, म्हणून या कलमावर आपण अडून राहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शाळेचे स्वतःचे मैदान नसले तर खेळ घडत नाही, असे कोणी म्हणाले तर त्यांना आझाद मैदानाची आठवण करून द्यावी. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रमाकडून खेळताना 664 धावांची अभेद्य भागीदारी केली, ती याच सार्वजनिक मैदानावर.

प्रश्न : आमच्या वस्तीत महापालिकेच्या शाळेला चांगले पटांगण आहे, मात्र संध्याकाळी आणि सुट्टीत ते बंद असते. मुले रस्त्यावर खेळतात. शाळेने ते वस्तीसाठी उघडावे, अशी मागणी करता येईल का?
— एक पालक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : जरूर करावी. सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाला किमान 220 कामाचे दिवस ठरवले आहेत; म्हणजे सुमारे 145 दिवस ते पटांगण दिवसभर मोकळे राहू शकते आणि उरलेल्या दिवसांच्या संध्याकाळी वेगळ्याच. शाळांच्या इमारतींचा मोकळा वेळ समाजाच्या उपयोगी यावा, हा विचार 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मांडलेला आहे.

मात्र मुख्याध्यापकांची भीती समजून घ्यावी. सकाळी वर्गासमोर गुटख्याच्या पुड्या आणि फुटक्या काचा सापडल्या, तर जाब त्यांनाच विचारला जातो. म्हणून पटांगणाला रस्त्याच्या बाजूने स्वतंत्र फाटक मागावे, वर्गखोल्यांकडचा जिना बंद राहावा आणि संध्याकाळी एका देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे मानधन महापालिकेच्या क्रीडा विभागाने द्यावे. शाळा भरलेली असताना बाहेरच्या कोणालाही आवारात प्रवेश नसावा, यात तडजोड करू नये. आधी तीन महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी, असा प्रयोग सुचवावा, आणि त्यातील एक संध्याकाळ मुलींसाठी राखून ठेवण्याचा आग्रह धरावा. तशी राखली नाही, तर क्रिकेट खेळणारे मोठे मुलगे सगळी जागा व्यापतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

प्रश्न : सार्वजनिक मैदानावर शाळेच्या तासाला मूल जखमी झाले, तर जबाबदार कोण?
— एक क्रीडाशिक्षक, नाशिक

उत्तर : तासाला मुले आपल्या ताब्यात असतात, त्यामुळे देखरेखीची जबाबदारी शाळेचीच राहते. गंजून हललेला गोलपोस्ट, उघडा चेंबर, तुटकी जाळी यांची दुरुस्ती मैदानाच्या मालकाकडे येते. पालकांचे संमतीपत्र घ्यावे, पण त्यामुळे निष्काळजीपणाला माफी मिळते, असे समजू नये. तास सुरू करण्यापूर्वी मैदानाला एक फेरी मारून दिसलेला दोष वहीत तारखेसह लिहावा आणि त्याची प्रत त्याच दिवशी कार्यालयात द्यावी. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. तिचे अर्ज शाळेत आधीच आणून ठेवावेत. प्रथमोपचाराची पेटी शाळेच्या कपाटात न ठेवता मुलांबरोबर मैदानावर न्यावी.