वजन जास्त नाही, तरी एचबीए१सी ६.१ आली. भात सोडावा का?

तुमचं वय ३६, उंची साडेपाच फूट, वजन ६४ किलो, आईला मधुमेह आणि कंपनीच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेचं प्रमाण सांगणारी चाचणी, ६.१ टक्के. भात आणि गोड कायमचं बंद केलं तर मधुमेह टळेल का, असं तुम्ही विचारलंय. चार वर्षांपूर्वी माझा आकडा ६.२ होता आणि मलाही आधी भातच आठवला होता, म्हणून लिहितो.

५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ पासून मधुमेह धरतात. म्हणजे हातात अजून वेळ आहे.

वजनकाटा बाजूला ठेवा आणि टेपने कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यासोबत २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे स्वतःचेच आकडे छापले होते. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! माझेही हातपाय काटकुळे होते, कंबर ९५ निघाली. पोटात साठलेली ही चरबी इन्सुलिनला नीट काम करू देत नाही.

भात सोडू नका. मी सोडला होता, दीड महिन्यात पुन्हा दुप्पट खाऊ लागलो. टिकला तो ताटातला बदल: आधी कोशिंबीर, भाजी आणि वाटीभर उसळ, मग एक भाकरी, शेवटी भाताची एकच मूद. भाकरीने साखर वाढत नाही असं समजून तीन-तीन भाकऱ्या खाणारे आमच्या घरातच आहेत. वाढते हो, ज्वारीतही पिष्टच असतं. साबुदाण्याची खिचडी तर जवळजवळ सगळी पिष्ट. एकादशीला मी आता थोडीशी वरई, दाण्याची आमटी आणि दही घेतो.

चहाचा हिशेब नक्की करा. मी चार कप प्यायचो, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी दिवसाला चाळीस ग्रॅम झाली, आणि मी मात्र 'गोड खात नाही' म्हणून सांगायचो.

रात्री जेवून लगेच बसू नका, वीस मिनिटं चाला. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहता रक्तातली साखर वापरतात. आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि जोरही काढा, स्नायू वाढायलाच हवेत. आणि झोप. रात्री बारापर्यंत मोबाइल बघणं सोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढं ध्येय ठेवून मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात ही घट २८.५ टक्के होती. दुसरा आकडा मुद्दाम सांगतोय, कारण सगळं नीट करूनही काहींना मधुमेह होतोच. म्हणून तपासणी चुकवू नका. एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तेव्हा पुढची तीन महिन्यांनी करा. माझी सहा महिन्यांनी ५.८ आली, कंबर ८९. मध्येच खूप तहान लागू लागली, वारंवार लघवी होऊ लागली किंवा वजन आपोआप उतरू लागलं, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

आईंच्या ताटात मात्र हे बदल त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच करा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भात-भाकरी एकदम कमी केली तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.