काकडीवर दिवस काढू नकोस

अरे, गोल्फ क्लब मैदानावर काल तू म्हणालास, वजन उतरवायला अंडी सोडली आणि नाश्त्याला नुसती काकडी खातोस. ऐकून जीव कळवळला.

काकडीत 95 टक्क्यांच्या वर पाणी. शंभर ग्रॅमला जेमतेम 15 कॅलरी, प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं आणि सत्तरेक कॅलरी. तेवढी प्रथिनं काकडीतून हवी असतील तर जवळजवळ किलोभर खावी लागेल! शिवाय अंड्यातली प्रथिनं पूर्ण, म्हणजे शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं त्यात असतात.

आणि पिवळं फेकू नकोस बाबा. बी12, डी जीवनसत्त्व आणि कोलीन नावाचं पोषकद्रव्य बहुतेक त्यातच असतं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी काही पथ्य सांगितलं असेल तर मात्र त्यांचंच ऐक. कच्चं अंडं पिऊ नकोस, उकडलेलं जास्त चांगलं पचतं.

काकडी हवीच, नाशिकच्या उन्हाळ्यात तर नक्की. अंड्यात तंतू आणि सी जीवनसत्त्व नसतं, ते थोडंफार ती देते. साल काढू नकोस, नीट धू. कडू लागली तर टाकून दे.

उद्यापासून धावून आल्यावर दोन उकडलेली अंडी, एक भाकरी आणि वाटीभर कोशिंबीर खा.