बत्तीरची आठ दिवसांची पाळी

प्रश्न (विटा) : आमच्या सामाईक विहिरीवर तीन भावकी आहेत. उन्हाळा आला की पाळीवरून वाद ठरलेला. पॅलेस्टाईनमधल्या बत्तीर गावात एका झऱ्याचं पाणी आठ घराणी वाटून घेतात म्हणे. ते कसं निभतं?

उत्तर : बत्तीर जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला, डोंगरउतारावर आहे. तिथे झऱ्याचं पाणी आधी रोमन काळापासूनच्या हौदात साठतं, मग पाटांनी खालच्या तालींवर, म्हणजे दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांच्या शेतांवर जातं. घराण्याला एक दिवस, म्हणून पाण्याचा आठवडा आठ दिवसांचा. त्यामुळे पाळी दर खेपेला एका वाराने पुढे सरकते आणि ५६ दिवसांत प्रत्येक घराण्याला सगळे वार मिळून जातात. शुक्रवारची नमाज कायम एकाच्याच पाळीत येत नाही. हौदातली पातळी काठीने मोजून पाणी हिश्श्याप्रमाणे सोडतात. झरा आटला तर तूटही सगळ्यांत वाटली जाते.

आपल्याकडे भांडण लागतं ते पाळी तासांवर धरल्यामुळे. लाइट गेली की त्या दिवशी दारं धरणारा बुडाला, आणि भरल्या विहिरीवर पहिली मोटर लावणारा तरला. विहिरीच्या कड्यावर फुटाफुटाला रंगाच्या रेघा मारा, सकाळी मोटर सुरू करण्याआधी पातळी वहीत लिहा, आणि किती फूट उतरवायचं ते ठरवा. मात्र उपसा चालू असतानाही झरे पाणी देत राहतात, म्हणून मोटर किती वेळ चालवायची याचीही मर्यादा घाला. सोमवार अमक्याचा, गुरुवार तमक्याचा असं बांधून घेऊ नका. तीन दिवसांची पाळी धरली तर २१ दिवसांत सगळे वार सगळ्यांना येतात.

प्रश्न (पाटण) : बत्तीरच्या दगडी ताली चुन्याशिवाय कशा टिकतात?

उत्तर : चुना नाही म्हणूनच टिकतात. सांधे मोकळे असल्याने पावसाचं पाणी झिरपून निघून जातं. सिमेंटने सांधे बुजवले तर मागे पाणी तुंबतं, भिंत पोट काढते आणि ढासळते. वरची ताल फुटली की तिची माती खालचीवर येते. ढासळलेला दगड लगेच परत रचावा लागतो. त्यासाठी माणूस शेतात पोचला पाहिजे. १९४९च्या इस्रायल-जॉर्डन युद्धबंदी करारात बत्तीरकरांना इस्रायलच्या बाजूला गेलेली, रेल्वेमार्गापलीकडची शेतं कसायची मुभा मिळाली, ती रेल्वेला धक्का न लावण्याच्या अटीवर. पुढे इस्रायलच्या नियोजित विभाजक भिंतीमुळे तीच वाट तुटण्याची भीती उभी राहिली. म्हणून २०१४ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतानाच धोक्यातल्या वारशांच्या यादीतही नोंदवला.