एकच झाड धर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

हरिश्चंद्रगड, राजमाची, अंधारबन असे सगळे पालथे घालूनही मन थाऱ्यावर येत नाही, तेव्हा निसर्गाचा आपल्यावर परिणामच होत नसावा, असे तू लिहिले आहेस. ते वाचून वाईट वाटले आणि थोडा रागही आला. दर रविवारी नवा डोंगर गाठायचा, छायाचित्रे काढायची आणि रात्री परतायचे, यात राबतात ते पाय आणि डोळे. नाकाला, कानांना, तळहातांना तू काय दिलेस?

एकच झाड धर. वेताळ टेकडी तुझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे गिरिपुष्पाच्या गर्दीत एखादी सालई शोध. तिची साल कागदासारख्या पातळ पापुद्र्यांनी सुटते. खोडाला जखम झाली असेल तिथे ओघळून घट्ट झालेला डिंक दिसेल. त्याला बोट लाव आणि हुंग. तो धुपाचा वास बोटाला बराच वेळ राहतो. मार्चमध्ये सालई निष्पर्ण असते आणि त्या उघड्या फांद्यांवरच बारीक पांढरी फुले येतात. एकदाच येणाऱ्या माणसाला ती दिसत नाहीत, म्हणून रोज जा आणि त्याच झाडापाशी जा.

वासावर माझा एवढा भर का, असे विचारशील. इतर संवेदना मेंदूतल्या एका मधल्या केंद्रातून पुढे जातात. गंध मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोहोचतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर येणारा मातीचा वास बराचसा जमिनीतल्या सूक्ष्म जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिनचा असतो आणि माणसाचे नाक तो अत्यल्प प्रमाणातही ओळखते. असे नाक असताना तू कानांत गाणी घालून टेकडी चढतेस, हे मला सहन होत नाही. निदान पावशाची हाक तरी कानांवर पडू दे.

1984 साली रॉजर उल्रिक यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खिडकीतून झाडे दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते. त्यांना तर तीच ती झाडे रोज दिसत होती. तू चालू ठेवलेली औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नकोस.

या टेकडीपासून दूर जावे लागेल म्हणून मी बढती नाकारली, तेव्हा घरच्यांनी मला हेकट ठरवले आणि आजही कधीमधी तो विषय निघतो. पैसा कमी पडला, मुलांच्या काही हौशी राहून गेल्या, याची खंत मला आहे. पण वडील गेले त्या वर्षी मला सावरले ते रोजच्या त्या वाटेनेच, आणि तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. म्हणूनच तुला इतक्या हट्टाने सांगतो आहे, एकच झाड धर.

पुढच्या पत्रात नव्या गडाचे वर्णन नको. तुझ्या सालईला पालवी कोणत्या तारखेला फुटली आणि चुरगाळल्यावर त्या पानाला कसला वास आला, तेवढे लिही.

तुझे,
सर