‘चित्ररथ’ की ‘जाहिरातगाडी’?

प्रश्न : जुन्या बिअर कंपन्यांच्या बाटलीच्या आकाराच्या मोटारींच्या छायाचित्राखाली ‘ब्रुअरींनी बांधलेले व्हिंटेज चित्ररथ’ ही ओळ चालेल का?

‘चित्ररथ’ आधी काढा. चित्ररथ हा मिरवणुकीपुरता देखावा असतो. ट्रॉलीवर प्लायवूड-थर्माकोल चढवायचे, कर्तव्यपथावरून किंवा गावच्या शिवजयंतीत फिरवायचे आणि उतरवून टाकायचे. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या वर्दिंग्टन या बिअर कंपनीची १९२०च्या दशकातली मोटार तशी नव्हती. डेमलर मोटारीच्या चासीवर (सांगाड्यावर) आडव्या बाटलीची कायमची बॉडी होती. तिला ‘जाहिरातगाडी’ म्हणावे.

मग सरळ ‘बाटलीगाडी’ का नको? मराठीत ‘गाडी’च्या आधीचा शब्द बहुधा ओढणारा (बैलगाडी), चालवणारी शक्ती (आगगाडी), वाहिली जाणारी वस्तू (मालगाडी) किंवा क्रिया (ढकलगाडी) सांगतो, आकार क्वचितच. ‘बाटलीगाडी’ वाचून भंगारवाल्याची हातगाडीच डोळ्यांपुढे येईल. आकार सांगायचा तर ‘बाटलीच्या घाटाची’ म्हणा. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या अनहायझर-बुश या बिअर कंपनीने ‘बेव्हो’ या बिनदारूच्या पेयासाठी नौकेच्या घाटाच्या मोटारी काढल्या, त्या मात्र ‘बेव्हो बोट’ म्हणूनच ओळखल्या जातात. विशेषनामाचे भाषांतर करू नये.

कॅनडातल्या लंडन (ऑन्टॅरिओ) गावच्या लबॅट कंपनीचे निमुळते, गुळगुळीत ट्रक आणखी वेगळे. अलेक्सिस द साखनॉफ्स्की यांनी रेखलेले हे ट्रक बिअर पोचवतही होते आणि, तिथल्या कायद्याने बिअरच्या जाहिरातीला मज्जाव असल्यामुळे, चालती जाहिरातही होते. त्यांना ‘मालगाडी’ म्हणाल तर वाचक रुळांवर जाईल. ‘मालमोटार’ किंवा ‘ट्रक’ बरा.

‘ब्रुअरी’ राहू द्या, फक्त फॅक्टरी-फॅक्टऱ्यांप्रमाणे अनेकवचन ‘ब्रुअऱ्यांनी’ करा. ‘दारूभट्टी’ला हातभट्टीचा वास आहे. ‘आसवनी’ तर चूकच, कारण आसवन म्हणजे ऊर्ध्वपातन, आणि बिअर आंबवतात, ऊर्ध्वपातित करत नाहीत. ब्रुअरीसाठीच्या पारिभाषिक ‘यवासवनी’त (यव + आसवनी) हीच गफलत मुरलेली आहे.

‘बांधलेले’ अर्धे बरोबर. ‘बॉडी बांधणे’ हा ट्रकवाल्यांचा रोजचा प्रयोग, पण बांधतो बॉडीवाला. कंपनीने पैसे मोजले, म्हणून ‘बांधून घेतलेल्या’. कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात बॉडी झाली असल्याची खात्री असेल तेव्हाच ‘बांधलेल्या’.

राहिला ‘व्हिंटेज’. मूळ अर्थ द्राक्षांची तोडणी, म्हणजे बिअरच्या मोटारीला वाइनचा शब्द! ब्रिटनच्या हौशी मंडळींत तो १९१९ ते १९३० या काळातल्या मोटारींनाच लागतो. भारतात २०२१पासून नोंदणीच्या नियमांत ५० वर्षांहून जुने वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. म्हणजे १९४७चा लबॅट ट्रक ब्रिटिश हिशेबाने व्हिंटेज नाही, आपल्या नियमाने वयात बसतो. ‘जुन्या धाटणीची’ लिहू नका. तशी गाडी कालही बनलेली असू शकते. ‘जुनाट’मध्ये हेटाळणी आहे. साल माहीत असेल तर विशेषण गाळून सालच द्या.

ओळ अशी होईल : ‘ब्रुअऱ्यांनी बांधून घेतलेल्या जुन्या जाहिरातगाड्या’. एकाच मोटारीचे छायाचित्र असेल तर : ‘वर्दिंग्टनची बाटलीच्या घाटाची जाहिरातगाडी, डेमलर चासी, १९२०चे दशक’.