बदलीचं बिऱ्हाड

प्रश्न : आमचे हे फौजेत आहेत. जोधपूरला बदली झालीय, क्वार्टर मिळतंय. मुलगी दुसरीत, सासूबाई एकट्या. जाऊ की राहू?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : जा गं. उद्या फील्ड पोस्टिंग आली की कुटुंब नेता येत नाही. एकत्र राहायचं ते पीस स्टेशनलाच, म्हणजे कुटुंब नेता येतं अशा ठिकाणी. मी २२ वर्षांत ९ घरं मांडली. दर वेळी ट्रंकेत सगळ्यांत वर अंबाबाईचा फोटो आणि कांदा-लसूण चटणीची बरणी. पठाणकोटला घट बसवताना शेजारच्या गढवाली वहिनींनी शेतातली माती आणून दिली होती, ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. शाळेचं म्हणशील तर केंद्रीय विद्यालयात बदलीवाल्यांच्या मुलांना प्राधान्य असतं. सासूबाईंना थंडीत बोलावून घे, तेव्हा तिथली हवा सोसते.

आणि तिथे 'आवा'त जात जा. सैनिकांच्या बायकांची ही संस्था १९६६ पासूनची. मी तिथे शिवण शिकवलं, एका वीरपत्नीबरोबर बसून पेन्शनचे कागद भरले. तेच अंगवळणी पडलं, म्हणून २०१९ च्या महापुरात कोल्हापुरात भाकऱ्या थापायला बायका गोळा करताना मला कुणाची ओळख लागली नाही.

निघण्याआधी सासूबाईंना घेऊन जोतिबाला जाऊन ये.