४०० प्रश्न सोडवले, तरी हात का थांबतो?

गेली अकरा वर्षं मी पुण्यात कोडिंगच्या मुलाखती घेतोय. त्याआधी दिल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच आपटल्या. त्या दोन्ही अनुभवांवर, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांना ही उत्तरं आहेत. प्रश्न थोडे कापून छोटे केले आहेत.

लीटकोडवर (कोडिंगच्या सरावाची साइट) ४०० च्या वर प्रश्न झाले. ओळखीचा आला की पटकन लिहितो, जरा वेगळा आला की डोकं बंद पडतं. दोन ठिकाणी दुसऱ्या राउंडला बाहेर पडलो. आणखी किती सोडवू? (अंतिम वर्ष, कॉम्प्युटर, सांगली)

एकही नको. आधी तीन महिन्यांपूर्वीचा, हिरवी टिक मिळालेला कुठलाही प्रश्न काढ आणि कोऱ्या कागदावर सोडव. नाही जमला ना? म्हणजे तो तू सोडवलाच नव्हतास. वीस मिनिटं झटापट केलीस, मग उत्तराचा व्हिडिओ पाहिलास, ‘अरे हो की’ म्हणालास आणि पुढे गेलास. दुसऱ्याचं उत्तर कळतं तेव्हा आपल्यालाही सुचलं असतं असं वाटतं. ते खरं नसतं.

मी फ्रेशरना अधूनमधून कापरेकरांचा प्रश्न देतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधून काढलेली ही गंमत. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. इथे पोचलात की पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतं. प्रश्न एवढाच असतो: दिलेल्या संख्येपासून ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात ते मोजणारं फंक्शन (छोटा प्रोग्रॅम) लिहा.

यात ना ट्री, ना ग्राफ, माहिती मांडायची कुठलीच अवघड रचना नाही. उमेदवाराचा चेहरा खुलतो आणि तो लगेच टाइप करायला लागतो. ३५२४ ला उत्तर ३ येतं. मी म्हणतो, आता १००० टाक. १००० वजा १ म्हणजे ९९९. त्याच्या कोडमध्ये ही संख्या तीन अंकी झाली, पुढचं शून्य गळालं. ९९९ उलटंसुलटं मांडून ९९९ च, वजाबाकी शून्य, आणि लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) फिरत बसला. शून्य जपून ०९९९ धरलं असतं तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ असं नीट पोचलं असतं. ११११ ची गत तर पहिल्याच पायरीला शून्य.

कोड लिहायला घेण्याआधी ‘सर, चारही अंक सारखे असतील तर काय परत करू?’ असं विचारणारा कुणी भेटला की माझं निम्मं मत तिथेच बनतं. त्याचं कोड पुढे थोडं अडखळलं तरी चालतं.

तेव्हा नवीन प्रश्न निम्मे कर आणि उरलेल्या वेळात जुने पुन्हा घे, एकदा तीन दिवसांनी, एकदा दोन आठवड्यांनी. प्रत्येक प्रश्नामागे वहीत दोन ओळी लिही: कुठे अडलो आणि कशाने सुटलं. ‘स्लायडिंग विंडो’ एवढंच लिहिलंस तर ते फक्त नाव झालं. ‘खिडकी पुढे सरकली की सगळी बेरीज पुन्हा करायची नाही, मागचा आकडा वजा करायचा, पुढचा मिळवायचा’ असं लिही. असे दीडशे प्रश्न पक्के झाले, तर माझ्या मते फ्रेशरला पुष्कळ आहेत.

बारावीपर्यंत मराठी माध्यम. कोड येतं, पण ‘मोठ्याने विचार करा’ म्हटलं की इंग्रजीच्या धास्तीने गप्प होतो. मुलाखत घेणाऱ्याला वाटतं मला काहीच येत नाही. (नांदेड)

गप्प उमेदवार हा समोरच्यासाठीही वैताग असतो. तो विचार करतोय की अडकलाय हे कळत नाही, त्यामुळे इशारा द्यावा की थांबावं हेही कळत नाही. बोललास तर तो मदत तरी करेल.

आता मोठ्याने विचार म्हणजे काय ते एका प्रश्नावर बघू. ॲरे (आकड्यांची रांग) आहे ४, ११, ७, २. बेरीज ९ होईल अशी जोडी शोधायची. तू म्हणायचं असं:

‘प्रत्येक जोडी तपासली तर उत्तर नक्की मिळेल. पण आकडे एक लाख असतील तर जोड्या जवळपास ५०० कोटी होतील, ते फार झालं. बरं, ४ वर उभा आहे तेव्हा मला ५ हवाय. ५ आधी येऊन गेला का, एवढंच पटकन कळलं तर? मग येऊन गेलेले आकडे हॅश मॅपमध्ये ठेवतो. ४ ला ५ हवा, नाही. ४ ठेवला. ११ ला उणे २, नाही. ११ ठेवला. ७ ला २ हवा, अजून आलेला नाही. ७ ठेवला. २ ला ७ हवा, आहे.’

किराणावाल्याची उधारीची वही नावावर उघडते, तो गल्लीतल्या प्रत्येकाला विचारत फिरत नाही. हॅश मॅप म्हणजे तेच. यात एक खोच आहे. आधी वहीत लिहून मग शोधलंस, तर बेरीज ८ हवी असताना एकटा ४ स्वतःशीच जोडी जमवून मोकळा होतो. म्हणून आधी शोधायचं, मग लिहायचं. हे वाक्य मोठ्याने म्हटलंस की समोरचा मान डोलावतो.

हे बोलणं आधी घरी मराठीत कर, फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. कुठे तीस सेकंदांची पोकळी पडते ते कळेल, आणि ती बहुतेक वेळा भाषेमुळे पडलेली नसते. मराठीत ओघ आला की इंग्रजीत. त्यासाठी फर्डं इंग्रजी लागत नाही, पाच-सहा वाक्यं तोंडात बसलेली असली की भागतं: ‘लेट मी टेक अ स्मॉल एक्झाम्पल.’ ‘धिस इज स्लो, बट इट वर्क्स.’ ‘कॅन आय असूम द ॲरे इज सॉर्टेड?’ ‘गिव्ह मी वन मिनिट टू थिंक.’ शेवटचं विशेष पाठ कर. एक मिनिट मागून घेतलेली शांतता कुणाला खुपत नाही.

डायनॅमिक प्रोग्रॅमिंग डोक्यावरून जातं. ते सोडून दिलं तर चालेल का? (ठाणे)

सेगमेंट ट्री ही अवघड रचना सोड, डीपी (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग) सोडू नकोस. आणि ते तू शाळेत थोडंफार केलेलंही आहेस. लघु-गुरू आठवतात? लघु एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. चार मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? गुरू-गुरू, गुरू-लघु-लघु, लघु-गुरू-लघु, लघु-लघु-गुरू आणि चारही लघु. पाच.

आता एन मात्रांसाठी सांग. सगळ्या ओळी मांडत बसू नकोस, फक्त शेवटच्या अक्षराकडे बघ. ते लघु असेल तर त्याआधी एन वजा १ मात्रा भरायच्या, गुरू असेल तर एन वजा २. दोन्हीची बेरीज केली की झालं उत्तर. १, २, ३, ५, ८, १३. जगात ही मालिका फिबोनाचीच्या नावाने चालते. त्याचं पुस्तक १२०२ चं, पण आपल्याकडच्या छंदशास्त्रींना ती त्याआधीच माहीत होती. बाराव्या शतकात हेमचंद्राने हाच नियम मांडून ठेवला आहे. मुलाखतीत हा प्रश्न ‘एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढून जिना किती प्रकारे चढाल’ या वेषात येतो.

हे सरळ रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच हाक मारून, लिहिलं (शून्य मात्रांची एकच, रिकामी ओळ धरून), तर ४० मात्रांना फंक्शन ३३ कोटींहून जास्त वेळा हाक मारतं. कारण ३८ मात्रांचा हिशोब ४० साठी एकदा, ३९ साठी पुन्हा, आणि त्याच्या पोटातले हिशोब तर अगणित वेळा होतात. एकदा काढलेलं उत्तर टिपून ठेवलं तर तेच काम ७९ हाकांत होतं. डीपी म्हणजे हे टिपून ठेवणं. अवघड भाग ‘शेवटच्या अक्षराकडे बघ’ हा आहे, टिपलेल्या उत्तरांचं टेबल भरणं नव्हे. नाण्यांचा प्रश्न आला तर शेवटचं नाणं कोणतं, दोन स्ट्रिंगचा (अक्षरांच्या ओळींचा) आला तर शेवटची दोन अक्षरं सारखी आहेत का. आठ-दहा प्रश्न असे शेवटापासून सोडव, मग टेबलाकडे जा.

वय ३३, आठ वर्षं सपोर्ट प्रोजेक्टवर (चालू सॉफ्टवेअरची देखभाल), मुलगी तीन वर्षांची. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रॉडक्ट कंपनीत जायचंय. वेळ रात्री दहानंतरच मिळतो, आणि कॉलेजच्या पोरांशी स्पर्धा म्हटलं की पोटात गोळा येतो. (पिंपळे सौदागर)

रात्री दहानंतर नवीन प्रश्न घेऊ नका. त्या वेळी फक्त जुना, एकदा सुटलेला प्रश्न पुन्हा लिहा. नवीन प्रश्न सकाळी वाचून घ्या आणि ऑफिसच्या कॅबमध्ये डोक्यात फिरवा. हिंजवडीच्या ट्रॅफिकचा एवढा तरी उपयोग होऊ दे. आठवड्याला चार नवीन प्रश्न आणि रविवारी मैत्रिणीसोबत एक मॉक, म्हणजे सरावाची मुलाखत, घड्याळ लावून. विषयांचा क्रम असा: ॲरे, स्ट्रिंग, हॅश मॅप, बायनरी सर्च, स्टॅक, ट्री, मग ग्राफवरचं बीएफएस-डीएफएस (ग्राफ पिंजून काढायच्या दोन पद्धती). पाच-सहा महिने धरा.

स्पर्धेचं म्हणाल तर माझा एक फजितीचा किस्सा सांगतो. एका मुलाखतीत बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या आकड्यांत दर वेळी मधला बघून निम्मे बाद करत शोधणं) लिहायला सांगितलं. मी चार मिनिटांत लिहून खुर्चीला टेकलो. समोरच्या बाईंनी विचारलं, ‘हे कधी मोडेल?’ मी म्हटलं, नाही मोडणार. त्यांनी मधला इंडेक्स (जागेचा क्रमांक) काढायच्या ओळीवर बोट ठेवलं: लो (पहिली जागा) अधिक हाय (शेवटची जागा), भागिले दोन. ॲरे अवाढव्य असेल तर ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाते, ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये (पूर्णांकाच्या ठरलेल्या जागेत) मावत नाही आणि उणे होते. लो मध्ये हाय वजा लो ची निम्मी मिळवायची, की संपलं. हीच चूक जावा भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत (तयार कोडच्या साठ्यात) कित्येक वर्षं होती, २००६ मध्ये ती जाहीर झाली. मला ते ठाऊक नव्हतं. ती नोकरी हातची गेली, ती ओळ मात्र कायमची डोक्यात बसली.

चालणारं कोड कुठे मोडेल हे तुम्ही आठ वर्षं रात्रीबेरात्री फोनवर बघताय. कॉलेजच्या पोरांकडे ते नाही. कोड लिहून झालं की ‘आता हे कुठे फुटेल ते बघते’ म्हणा आणि रिकामा ॲरे, एकच घटक, सगळे सारखे, प्रचंड मोठे आकडे असं एकेक तपासा. आणि प्रॉडक्शनमधले (प्रत्यक्ष वापरातल्या सॉफ्टवेअरमधले) तीन बिघाड, तुम्ही ते कसे शोधलेत यासकट, नीट सांगता येतील असे तयार ठेवा. आठ वर्षांच्या अनुभवावर कोडिंगखेरीज तेही विचारतात, सिस्टिम डिझाइनही (मोठं सॉफ्टवेअर कसं रचाल ते).

पायथन की जावा? (कोल्हापूर)

जी भाषा हाताला आहे ती. पायथनमध्ये टायपिंग कमी, आणि वरचा इंटिजरचा घोळही होत नाही. पण मुलाखतीसाठी दोन महिने आधी भाषा बदलू नकोस.

ऑनलाइन टेस्टमध्ये सगळेच एआयकडून उत्तर घेतात. मी एकट्याने प्रामाणिक राहून तोटा का करून घेऊ? (पुणे)

टेस्ट निघेल, पुढचा राउंड समोरासमोर असतो. तिथे मी एका ओळीवर बोट ठेवून ‘ही काढली तर काय होईल?’ विचारतो. स्वतः लिहिलेलं असतं तो चूक का होईना, बोलायला लागतो. उसनं आणलेलं असतं तो ती ओळ वाचून दाखवतो. तयारीत एआय जरूर वापर. आपलं कोड दे आणि ‘हे कुठल्या इनपुटला चुकेल?’ एवढंच विचार. उत्तर मागू नकोस.

मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे. क्लासवाले ८५ हजार मागतात, प्लेसमेंटची हमी देतात. मी शाळेत मराठी शिकवते, मला यातलं काही कळत नाही. भरावेत का? (सातारा)

ताई, हमी म्हणजे नेमकं काय ते लेखी मागा. किती पगाराची नोकरी, किती दिवसांत, नाही मिळाली तर पैसे कधी परत. बहुतेकदा तिथेच बोलणं थांबतं. शिकायचं साहित्य फुकट आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आहेत, सरावाला कोडशेफ ही साइट २००९ पासून आहे. क्लासमधून मिळते ती शिस्त आणि सोबत. मुलाला ती हवी असेल तर कॉलेजातली चार मुलं जमवून रोज एक तास बसू दे. तीन महिन्यांत त्यांची बैठक मोडली, तर मग क्लासचा विचार करा, तोही एवढ्या पैशांचा नको.

आणि यातलं काही कळत नाही असं म्हणू नका. वरचा लघु-गुरूंचा प्रश्न त्याला घाला, पण मालिका पाठ म्हणू देऊ नका. शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करून, तुम्हाला पटेल असं फळ्यावर समजावायला सांगा. मग आठ मात्रांचं उत्तर विचारा. ३४ यायला हवं.